परवानगी येईपर्यंत

"मॅडम, सकाळी कॉम्प्रेसरचं तेल काढलं बघा. नाकाला चांगलं झोंबलं. पण तुमचा आकडा काय जाग्यावरनं हलला न्हाय."

आकाराम हे सहज बोलून गेला आणि चहाचा कप उचलून निघूनही गेला. पण नाजिया मुजावरच्या हातातला चहा तसाच राहिला.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तात्यासो मगदुमांचं कोल्ड स्टोरेज होतं. मटार, मक्याचे दाणे, आंब्याचा गर, असला माल तिथं गोठवून ठेवायचे. तिथल्या कॉम्प्युटरचं सगळं नाजिया बघायची. प्रिंटर अडकला की नाजिया, बिलाचा कागद वाकडा निघाला की नाजिया, तात्यासोंच्या नातवाच्या मोबाइलमध्ये फोटो मावेनात तरी नाजियाच. आकाराम मशीनघर सांभाळायचा. थंडावा तयार व्हायचा तो अमोनियावर, आणि अमोनिया म्हणजे विस्तव नसलेली आग. पाइपात आहे तोवर गरीब. बाहेर पडला की आधी डोळे धरतो, मग छाती. कॉम्प्रेसरचं तेल काढतानाही तो जरासा सुटतोच.

म्हणून जागोजागी गॅस हुंगणारे सेन्सर बसवले होते. ते सगळे एका पेटीला जोडलेले, आणि पेटी घडीघडीला सगळ्या कॉम्प्युटरांना आकडे पाठवायची. ते आकडे दाखवणारा प्रोग्राम सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये होता. प्रत्येक कॉम्प्युटरवर तो फोल्डर 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसायचा आणि तिथूनच प्रोग्राम चालायचा. उचलून दुसरीकडं ठेवला तर सुरूच व्हायचा नाही, बनवणाऱ्यानं त्याला तसं कुलूपच घालून दिलं होतं. आणि तो बनवणारा केव्हाच धंदा गुंडाळून परदेशी गेला होता.

नाजिया उठली आणि ऑफिसातल्या पडद्यासमोर उभी राहिली. सगळे चौकोन हिरवेगार. मशीनघराच्या चौकोनात एक छोटा आकडा. तिनं पापणी न लववता बघितलं. एरवी तो आकडा झोपलेल्या पोराच्या छातीसारखा जरा वर, जरा खाली व्हायचा. आता मात्र दगडासारखा गप्प होता. ती पॅकिंग हॉलमध्ये गेली, तिथंही तोच आकडा. माल उतरवायच्या धक्क्यावर गेली, तिथंही तोच.

मग तिला उमगलं. आकडा खरा नव्हताच. कॉम्प्युटरांवर राखणीची नवी फायरवॉल चालू झाली त्या दिवशी जो शेवटचा आकडा आला होता, तोच प्रोग्रामनं साठवून ठेवला होता आणि अजून दाखवत होता.

फायरवॉल आली होती पुण्याच्या एका आइस्क्रीम कंपनीमुळं. ती कंपनी तात्यासोंकडं वर्षाचा माल ठेवणार होती, पण आधी सगळे कॉम्प्युटर सुरक्षित करा म्हणाली. त्यांच्या ठेकेदारानं पुण्यातूनच सगळ्यांवर फायरवॉल चढवली आणि किल्ल्या आपल्याकडं ठेवून घेतल्या. आता बाहेरून येणारा कुठलाही निरोप, परवानगी नसेल तर, कॉम्प्युटरच्या उंबऱ्यावरच अडायचा. अडला हे कुणाला कळायचंही नाही, कारण तसली सूचना दाखवणंही त्यांनी बंद केलं होतं. पेटी आकडे पाठवत होती, फायरवॉल ते दारातच परतवत होती. आणि बिचारा प्रोग्राम, काही येत नाही म्हणजे काही झालं नाही असं समजून, हिरवा रंग दाखवत बसला होता.

फायरवॉलमध्ये सूट द्यायला नाजियाचा हात पोचत नव्हता. पुण्याला अर्ज करायचा आणि वाट बघायची.

तिनं अर्ज केला. पलीकडं प्रियदर्शनी नावाची मुलगी होती. आवाजावरून नाजियाच्याच वयाची वाटायची, बोलायला मऊ. तिनं लगेच सूट दिली. नाजियानं सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले. आकडा हलला नाही.

दुपारभर ती त्या कोड्यापुढं बसली आणि उत्तर सापडल्यावर तिचे कान तापले, कारण चूक तिचीच होती. तिनं प्रोग्रामचा पत्ता 'झेड' म्हणून कळवला होता. पण झेड हे नाव वापरणाऱ्या माणसापुरतं. घरात लाडानं हाक मारतात तसं. फायरवॉलला ते टोपणनाव ठाऊकच नसतं. तिला सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लागतो. तिनं दुसरा अर्ज लिहिला, पूर्ण पत्ता घालून.

यावेळी प्रियदर्शनीचा फोन आला.

"नाजिया, पत्ता आता बरोबर आहे. पण मला हे आधीच दिसायला हवं होतं. प्रोग्राम शेअर फोल्डरमध्ये आहे ना? त्या फोल्डरमध्ये फाइल कोण टाकू शकतं?"

"सगळेच."

"मग उद्या कुणी त्याच नावाची दुसरीच फाइल तिथं ठेवली, तर तिलाही ही सूट मिळणार. शेअर ड्राइव्हवरच्या प्रोग्रामला सूट द्यायची नाही, असा आमच्याकडं नियम आहे. मोडायचा तर वरच्या लोकांची बैठक बसते."

"फोल्डर मी आत्ता बंद करते. कुणाला काही टाकता येणार नाही. पण हा गॅसचा प्रोग्राम आहे हो. आत बायका काम करतात."

"मी तसंच लिहिते. अगदी वर लिहिते. पण परवानगी येईपर्यंत माझ्याही हातात काही नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच नाजियाला जास्त त्रास झाला. चिडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

ती तात्यासोंकडं गेली. तात्यासो मगदूम म्हणजे शेतकऱ्याचा पिंड. बापजाद्यांची ऊसशेती सांभाळून त्यांनी हे गोदाम उभं केलं होतं. पांढरा शर्ट, कपाळाला केशराचा टिळा, आणि बोलणं असं की पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावं. पण मनानं माया असलेला माणूस. नाजियाचा बाप गैबी हमाली करता करता गेला, तेव्हा तिच्या आईला, सुलतानबीला, त्यांनीच पॅकिंगला लावून घेतलं होतं. नाजियाला शिक्षण संपल्यावर बोलावून खुर्ची दिली होती तीही त्यांनीच.

"म्हंजे पडद्यावर दिसतंय ते खोटं?" त्यांनी विचारलं.

"खोटं. गॅस सुटला तरी हिरवंच दिसणार."

"मग बंद कर ती फायरवॉल."

"माझ्या हातात नाही. किल्ल्या पुण्यात आहेत."

"मग कशाला ठेवलंय तुला?" ते ओरडले आणि लगेच आवाज उतरवला. "बरं बरं. बस. आइस्क्रीमवालं पावणं परवा यायल्यात तपासणीला. तेवढे येऊन जाऊ देत. मग बघू."

"तोवर पॅकिंग बंद ठेवू या. नाहीतर हातात धरायचे गॅसमीटर आणा, दारोदारी माणूस उभा करू."

"पावण्यांच्या म्होरं मीटर घेऊन माणसं फिरवू? ते म्हणतील हितं गॅस गळतोय. आणि पॅकिंग बंद करून त्यास्नी दाखवू काय, मोकळ्या भिंती?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पोरी, हा माल आला न्हाय तर ह्या साऱ्या बायका घरी बसतील. तुझी आईसुद्धा. आकारामचं नाक हाय की. इतकी वर्सं नाकावरच चालवलंय आपण."

नाजिया बाहेर आली. सरकारी माणसाला कळवावं का, असं मनात आलं. पण कळवलं की दार बंद, बायका घरी, आणि ज्या माणसानं पडत्या काळात हात दिला त्याच्याच पाठीत सुरी. गप्प बसावं तर आत अम्मा आहे. जिकडं वळावं तिकडं कुणाच्या तरी जिवावर पाय पडत होता.

संध्याकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी सुलतानबी कांदा चिरत बसली होती. नाजियानं तिच्याजवळ पाट ओढला आणि सगळं सांगितलं. फायरवॉल वगैरे नाही, एवढंच की गॅस सुटला तर कुणाला कळणार नाही.

"परवापर्यंत कामावर जाऊ नगंस अम्मा. ताप आलाय म्हणून सांग."

सुलतानबीचा विळीवरचा हात थांबला. "मी न्हाय गेलो तर पाकिटं कोन भरणार?"

"भरेल कोणीतरी."

"कोणीतरी न्हाय. धोंडुबाई भरंल. माझ्या जागी तीच उभी ऱ्हाती." सुलतानबीनं लेकीकडं बघितलं. "तिला सांगतीस का ताप आलाय म्हणून घरी बस म्हणून?"

नाजियानं चिरलेला कांदा ताटलीत सारला.

"समद्यास्नी सांग, न्हायतर मला बी सांगू नगंस," सुलतानबी म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. डोळ्यांना पाणी येत होतं ते पदरानं पुसत होती, कांद्याचं की कशाचं, कोण जाणे.

नाजियानं सगळ्यांना सांगितलं नाही. सांगायला ती दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारापर्यंत गेली होती. पण आत बायका पावण्यांसाठी नव्या टोप्या घालून बघत होत्या, एकमेकींना हसत होत्या, आणि धोंडुबाई तिला बघून म्हणाली, "ये गं नाजिया, फोटू काढ आमचा." तिनं फोटो काढला आणि परत आली. पण परत येताना तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली.

गेटवर वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक जुनाट कॉम्प्युटर होता. पुणेकरांनी तो हिशेबातच धरला नव्हता. हा काढून टाका आणि नेटवर्कची वायर उपसून ठेवा, एवढं सांगून गेले होते. वायर उपसली होती, कॉम्प्युटर तसाच होता. त्याच्यावर पुण्याची फायरवॉल नव्हती. साधी, विंडोजसोबत आलेली होती, आणि तिला नाजियाचा शब्द चालत होता.

तपासणीच्या दिवशी तात्यासो पावण्यांना घेऊन ऑफिसात बसले आणि नाजियानं केबिनमध्ये जाऊन वायर परत खोचली. हे नियमाबाहेर होतं. पावण्यांना कळलं तर तात्यासोंचा करार आणि तिची खुर्ची दोन्ही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फायरवॉलचं पान उघडलं, प्रोग्रामचा सर्व्हरपासूनचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर घातला, फक्त सेन्सरच्या पेटीकडून येईल तेवढंच आत सोड असं सांगितलं, आणि प्रोग्राम चालू केला.

आकडे हलायला लागले. कितीतरी दिवसांनी ते जिवंत आकडे बघून तिला हसूच आलं. मशीनघर ठीक. माल ठेवायच्या कोठ्या ठीक. मग तिची नजर मधल्या बोळावर गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं. तो आकडा वर चालला होता. खाली येतच नव्हता. ती बघत असतानाच चौकोन पिवळा झाला.

बोळ म्हणजे मशीनघर आणि पॅकिंग हॉल यांच्यामधली वाट. बायका आत-बाहेर करायच्या त्या त्याच वाटेनं.

केबिनच्या भिंतीवर भोंग्याचं लाल बटण होतं. नाजियानं ऑफिसच्या खिडकीकडं बघितलं. आत तात्यासो हात उंचावून पावण्यांना काहीतरी सांगत होते. तिनं बटण दाबलं.

भोंगा कोकलला. लोक शेडमधून बाहेर येऊन गेटाकडं बघायला लागले. आकाराम मशीनघरातून धावत आला. "काय झालं?"

"बोळात गॅस आहे! मास्क घाल आणि कॉक बंद कर!"

"पण वास..." तो म्हणाला, आणि वाऱ्याबरोबर तो वास त्याच्याही नाकात शिरला. पुढचं न बोलता तो मास्ककडं धावला.

पॅकिंग हॉलमधून मात्र कुणी बाहेर येईना. थंडी जाऊ नये म्हणून तिथल्या भिंती जाडजूड, आवाज पोचला तरी दूरच्या गिरणीचा वाटावा. हॉलचं मागचं दार फक्त आतूनच उघडायचं. नाजियानं केबिनमधली पाण्याची बाटली ओढणीवर ओतली, ओढणी नाकातोंडाला गुंडाळली आणि बोळात शिरली. डोळ्यांत कुणी मिरची फेकावी तशी आग झाली. आंधळ्यासारखी भिंत चाचपत तिनं हॉलचं दार लोटलं, आत पडली आणि दार मागं ओढून घेतलं.

"मागच्या दारानं बाहेर! सगळ्याजणी! गॅस सुटलाय!"

बायका पाकिटं टाकून मागच्या दाराकडं पळाल्या. धोंडुबाई सगळ्यांत पुढं होती. तिनं दांडा खाली दाबला आणि अंगाचा भार टाकला. दार जेमतेम बोटभर सरकलं आणि अडलं. दोघींनी, मग चौघींनी धक्का मारला. फटीतून लाकडी पट्ट्या दिसल्या.

पावण्यांना आवार झाडलेलं दिसावं म्हणून कुणीतरी सगळी लाकडी पॅलेट उचलून या दारामागं रचली होती.

"अल्ला," सुलतानबी हलकेच म्हणाली.

पुढच्या दाराखालून धुरासारखं पांढरं काहीतरी आत सरपटायला लागलं होतं. एक पोरसवदा बाई मोठ्यानं रडायला लागली. धोंडुबाईनं फटीला तोंड लावून हाका मारल्या. पलीकडं कोण ऐकणार? भोंगा झाल्यावर सगळ्यांनी गेटाशी जमायचं, असं तात्यासोंनीच शिकवलं होतं. सगळे गेटाशी होते. बायकांचे मोबाइल स्वच्छतेच्या नियमामुळं बाहेर कपाटात, आणि नाजियाचा वजनकाट्याच्या टेबलावर.

"मोरीतलं पाणी घ्या, फडकी भिजवा, तोंडाला बांधा. खाली बसा, भिंतीला लागून," नाजिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. सुलतानबीनं फडकी भिजवून दाराच्या फटीत कोंबायला सुरुवात केली.

भिंतीला हॉलचा कॉम्प्युटर होता. पडद्यावर सगळं हिरवं. नाजियानं तो प्रोग्राम बाजूला सारला. हॉलमधून ऑफिसला निरोप पाठवून उपयोग नव्हता, ऑफिसात कुणी उरलंच नसणार. मग तिला सुचलं. फायरवॉल बाहेरून येणारं अडवते. आपण होऊन बाहेर जाणाऱ्याला ती अडवत नाही. तिनं पुण्याच्या अर्जांचं पान उघडलं. तिचा अर्ज तिथं होता, पुढं 'प्रलंबित' लिहिलेलं. खाली शेरा लिहायची चौकट होती. बोटं गारठली होती, अक्षरं चुकत होती, तिनं दुरुस्त केली नाहीत.

'प्रियदर्शनी गॅस सुटलाय. आम्ही पॅकिंग हॉल मध्ये अडकलोय. मागच्या दारामागे पॅलेट आहेत. तात्यासोंना फोन करा.' खाली नंबर. पाठवा.

काहीच झालं नाही. पान तसंच. ती उभी राहिली. मागं कुणीतरी देवाचं नाव घेत होतं, कुणीतरी लेकरांचं. खोकल्याची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. धोंडुबाई अजून फटीशीच होती, ओलं फडकं बांधायचं सोडून ती दार ढकलत होती, आणि ढकलता ढकलता मटकन खाली बसली. सुलतानबीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या तोंडाचं फडकं सोडून तिच्या तोंडाला लावलं आणि लेकीकडं बघितलं. त्या नजरेपेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

अर्जाखाली एक ओळ उमटली. 'फोन लागला. ते मागं पळतायत.'

नाजियानं ती मोठ्यानं वाचली.

मग पलीकडून लाकडं आपटल्याचा आवाज आला. तात्यासोंचं ओरडणं आलं, "ओढा की रं! बगताय काय!" दार सरकलं, उजेड आत आला, आणि बायका एकमेकींना ओढत बाहेर पडल्या. धोंडुबाईला उचलून नेताना नाजियानं तिचे पाय धरले होते. बाहेर गवतावर तात्यासो उभे होते, पांढरा शर्ट पॅलेटच्या खिळ्यात फाटलेला, हात रक्ताळलेले. त्यांनी नाजियाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

आकारामनं कॉक बंद केला होता. एका जुन्या सांध्यातून गॅस निघत होता. कुणी दगावलं नाही. बायकांना दवाखान्यात नेलं, बहुतेक संध्याकाळपर्यंत घरी आल्या. धोंडुबाईच्या डोळ्यांना मात्र बरंच लागलं. तिला तिचा भाऊ गावी, नेसरीला, घेऊन गेला.

त्याच दिवशी पुण्याहून परवानगी आली. पूर्ण पत्ता, फक्त सेन्सरची पेटी, फोल्डर कुलूपबंद, जसं नाजियानं मागितलं होतं तसंच. सगळे पडदे खरं बोलायला लागले. पण त्यांना बघायला गोदामात कुणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी तात्यासो मंगळवार पेठेत घरी आले. सुलतानबीनं खुर्ची पुसून दिली. ते बसले, पाणी प्याले.

"सरकारी सायेब येणार हाय चौकशीला," ते म्हणाले. "पडदे चालू होते का विचारंल. तू चालू होते म्हण. कॉम्प्युटर चालूच होते की. खोटं न्हाय त्यात."

"आणि मी तुम्हाला आधी सांगितलं होतं का, असं विचारलं तर?"

तात्यासोंनी फरशीकडं बघितलं. "गोदाम बंद पाडतील, नाजिया. साऱ्या बायकांचं काय करू मी? हात जोडतो."

त्यांनी खरोखरच हात जोडले. ते हात बँडेजात बांधलेले होते. हा माणूस नसता तर ती शिकली नसती. हाच माणूस तेव्हा ऐकता तर धोंडुबाईचे डोळे धड असते. दोन्ही एकाच माणसाच्या पदरी होतं, आणि एक वजा करून दुसरं उरत नव्हतं.

"तात्यासो, मी खरं सांगणार," ती म्हणाली. "मला माहीत होतं, मी तुम्हाला सांगितलं, आणि मग मीही गप्प बसले. तिन्ही सांगणार."

तात्यासो उठले. दारापाशी जोडे घालताना सुलतानबीला म्हणाले, "पोरगी शिकवलीस, चांगलं केलंस." टोमणा होता की नव्हता, मायलेकींना कळलं नाही.

तिनं सांगितलं. गोदामाला टाळं लागलं. आइस्क्रीमवाल्यांनी करार दुसऱ्या गोदामाशी केला. तात्यासोंनी तिला कामावरून काढलं नाही, कारण चौकशीवाल्यांना रोज काही ना काही दाखवायला तीच लागत होती. रिकाम्या गोदामाच्या ऑफिसात ती एकटी जाऊन बसायची आणि तात्यासोंचे निरोप आकारामच्या तोंडून यायचे. संध्याकाळी पेठेत यायची तर पॅकिंगच्या बायका नळावर तिला बघून बोलणं तोडायच्या. "हिच्या सत्यापायी आमची चूल इझली," असं एकदा तिच्या पाठीमागं कुणीतरी बोललं. सुलतानबी त्या बाईशी कडाकडा भांडली, पण घरी येऊन गप्प झाली, कारण चूल त्यांचीही तशीच होती. प्रियदर्शनीचा एकदा फोन आला. पुण्यात जागा आहे, ये म्हणाली. नाजिया म्हणाली, "आत्ता निघाले तर पळाले म्हणतील." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण उगाच नाही म्हणालो. पण परत फोन केला नाही.

पाइप नवे झाले, सांधे बदलले, मागच्या दारापुढं लाल पट्टा ओढला गेला, आणि एका सोमवारी टाळं निघालं. माल थोडाच होता. निम्म्याच बायकांना बोलावणं आलं. तेवढ्याच आल्या असत्या तर बरं, पण न बोलावलेल्याही कोपऱ्यावर येऊन कंपनीच्या बसकडं बघत उभ्या होत्या.

सुलतानबी पुढं चढली. नाजिया मागोमाग. बसमध्ये जागा होत्या, पण प्रत्येक जागेवर कुणाचा तरी डबा, कुणाची तरी पिशवी. कुणी उचलली नाही. नाजियानं वरचा दांडा धरला आणि उभी राहिली.

मागच्या बाकावर काळा चष्मा लावून धोंडुबाई बसली होती. नेसरीहून कधी आली, कुणालाच माहीत नव्हतं.

"कोन उभं हाय गं ते?" तिनं विचारलं.

शेजारच्या बायकांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मी हाय. नाजिया."

धोंडुबाईनं तोंड तिच्याकडं वळवलं. "तुला आधी ठावं होतं म्हनं."

"व्हय."

"आन् फोटू काढून गेलीस आमचा."

"व्हय," नाजिया म्हणाली.

बस तावडे हॉटेलाच्या पुढं गेली, हायवेला लागली. धोंडुबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग तिनं हात लांब केला, चाचपत नाजियाची ओढणी पकडली आणि जोरात खाली ओढलं.

"बस हितं. वळणावर पडशील कुनाच्या तरी अंगावर." आणि नाजिया टेकली तशी, मान न वळवता, "मला लई राग आलाय तुझा. जाईल तवा जाईल. सरक तिकडं, माझा डबा चेंगरतीयास."